गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय करायचं? आणि पायाखालची मॅट आजच का तपासायची?

पनवेलमधून निघालेली गाडी काही मिनिटांत वेग पकडते. कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सुरू होतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो आणि सायन-पनवेल हायवे तर अनेकांच्या रोजच्या नोकरीचा रस्ता. एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे नेमकं काय झालंय हे कळायला तीन सेकंद लागले, तरी ८० मीटरपेक्षा जास्त अंतर मागे पडलेलं असतं.

आता समजा, ओव्हरटेक करण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, पाय उचलला, पण पेडल वर आलंच नाही. बोलीभाषेत यालाच 'रेस अडकली' म्हणतात. असं रोज होत नाही. पण झालं तर विचार करायला वेळ नसतो, म्हणून उत्तर आधीच माहीत असायला हवं.

एका मॅटमुळे जग का हादरलं?

या विषयातलं जगातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस ईएस ३५० कार ताशी १६० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत सुटली आणि अपघातात चौघांचा मृत्यू झाला. गाडी चालवणारी व्यक्ती नवशिकी नव्हती, ते कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांत अधिकारी होते. अपघाताच्या काही क्षण आधी गाडीतून मदतीसाठी आपत्कालीन नंबरवर फोनही गेला होता.

तपासात समोर आलेली गोष्ट साधी होती. डीलरकडून तात्पुरती वापरायला मिळालेल्या या गाडीत दुसऱ्याच मॉडेलची जाड रबरी मॅट टाकलेली होती. ती हुकांमध्ये नीट बसवलेली नव्हती. पुढे सरकलेल्या मॅटमध्ये अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल अडकलं. याच गाडीत आधीच्या एका ग्राहकालाही असाच अनुभव आला होता आणि त्याने तो डीलरकडे सांगितलाही होता. तरी मॅट बदलली गेली नाही.

यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणासाठी अमेरिकेत सुरुवातीला सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. जानेवारी २०१० मध्ये पेडल स्वतःच चिकटून राहतं म्हणून आणखी सुमारे २३ लाख गाड्यांचा रिकॉल झाला. दोष गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे का, हे तपासायला 'नासा'च्या इंजिनिअरांची मदत घेतली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला की इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही. सापडलेली कारणं दोनच होती, चिकटणारं पेडल आणि पेडल अडकवणारी मॅट. ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात २०१४ मध्ये टोयोटाने १२० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं.

ब्रेक असूनही गाडी का थांबली नाही?

अनेकांना वाटतं की इंजिन पूर्ण जोरात असेल तर ब्रेक काम करत नाहीत. हे खरं नाही. अमेरिकेतल्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने २००९ मध्ये टोयोटा कॅम्रीवर चाचणी केली. ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून जोरात ब्रेक लावला, तेव्हा गाडी थांबायला नेहमीपेक्षा फक्त ५ मीटरच्या आसपास जास्त अंतर लागलं.

मग अडचण कुठे होते? पेट्रोल गाडीत ब्रेक पेडल हलकं वाटतं ते 'व्हॅक्यूम बूस्टर'मुळे, आणि हा व्हॅक्यूम इंजिनकडून मिळतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा राहिला की नवा व्हॅक्यूम तयार होणं जवळपास थांबतं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरता असतो. त्यामुळे घाबरून ब्रेक दाब-सोड, दाब-सोड केलं की तो संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. दुसरी चूक म्हणजे हलका ब्रेक दाबून गाडी बराच वेळ 'सांभाळत' राहणं. त्यात ब्रेक तापतात आणि त्यांची पकड जाते. सॅन दिएगोच्या गाडीचे ब्रेकही प्रचंड तापून निकामी झाल्याचं आढळलं होतं.

अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर हे करा

१. ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबा. गरज पडली तर दोन्ही पाय वापरा. गाडी थांबेपर्यंत पाय उचलू नका.

२. लगेच न्यूट्रल करा. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबला की इंजिनचा चाकांशी संबंध त्याच क्षणी तुटतो, मग गिअर न्यूट्रलला घ्या. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'डी'वरून 'एन'वर ढकला. इलेक्ट्रिक कारमध्येही 'एन' हाच पर्याय आहे. इंजिन जोरात ओरडेल, तिकडे लक्ष देऊ नका. इंजिन खराब झालं तर दुरुस्त होतं.

३. नजर रस्त्यावर ठेवा. हझार्ड लाइट लावा, आरसे बघा आणि जागा मिळेल तशी गाडी डावीकडे घ्या.

४. न्यूट्रल होतच नसेल तर इंजिन बंद करा. चावी असेल तर एकच टप्पा मागे फिरवा, काढू नका. चावी काढली की स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. पुश बटन असेल तर नुसतं एकदा दाबून धावती गाडी सहसा बंद होत नाही. बहुतेक गाड्यांत ते काही सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत पटापट दोन-तीनदा दाबावं लागतं. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, ती आजच बघून ठेवा. इंजिन बंद झाल्यावर स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात, म्हणून हा उपाय नंतरचा.

५. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा, सगळ्यांना रस्त्याच्या कडेच्या रेलिंगपलीकडे उभं करा आणि ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन नंबरही आहे. मॅट काढून 'आता ठीक आहे' म्हणत तसंच पुढे निघू नका. पेडल मोकळं हलतंय याची खात्री करा, शंका असेल तर गाडी टो करून न्या.

हे मात्र करू नका

धावत्या गाडीत खाली वाकून हाताने मॅट ओढायला जाऊ नका. तेवढ्यात रस्त्यावरची नजर जाते आणि स्टीअरिंगही हलतं. वेगात असताना हँडब्रेक एकदम खेचू नका, मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू शकते.

अनेक नव्या गाड्यांत 'ब्रेक ओव्हरराइड' असतं. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबले गेले तर गाडी ब्रेकचं ऐकते. पण जुन्या गाड्यांत, विशेषतः केबलवर चालणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरच्या गाड्यांत, ही सोय नसते. तिथे गंजलेली किंवा मळलेली केबलही अडकू शकते, म्हणून सर्व्हिसिंगला ती आवर्जून तपासून घ्या.

पाय चुकीच्या पेडलवर असेल तर?

कधी कधी काहीच अडकलेलं नसतं. ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला जातो. पार्किंगमध्ये किंवा नव्याने ऑटोमॅटिक गाडी हाती आल्यावर असं होऊ शकतं. खूण सोपी आहे. 'ब्रेक' जितका जोरात दाबाल तितकी गाडी जास्त पळत असेल, तर पाय आधी पूर्ण उचला आणि मग ब्रेकवर ठेवा.

मॅट तपासायची पाच मिनिटांची पद्धत

गाडी बंद असताना, हँडब्रेक लावून हे बघा:

• ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट हवी. कंपनीच्या मॅटवर दुसरी रबरी किंवा '७डी' मॅट टाकू नका. पावसाळ्यात वर्तमानपत्र किंवा गोणपाट अंथरायची सवयही इथे नको.

• मॅट तुमच्याच मॉडेलची हवी आणि जमिनीवरच्या हुकांत किंवा क्लिपांत घट्ट बसलेली हवी. 'सगळ्या गाड्यांना चालते' असं सांगून विकली जाणारी मॅट ड्रायव्हरच्या पायाखाली नको.

• अ‍ॅक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबून सोडा. तो कुठेही न घासता झटकन वर यायला हवा. ब्रेक आणि क्लचचंही तसंच बघा.

• मॅट टाचेने पुढे ढकलून बघा. सरकली तर ती धोकादायक आहे.

• पाण्याची बाटली, छत्री, सुटी चप्पल ड्रायव्हरच्या पायाशी ठेवू नका. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेकच दाबला जात नाही.

गाडी वॉशिंगला दिली की मॅट काढली जाते आणि परत टाकताना हुक तसेच राहून जातात. त्यामुळे वॉशिंग सेंटरमधून गाडी बाहेर काढण्याआधी एकदा खाली बघा. आणि घरात गाडी चालवणारे जितके जण आहेत, त्या प्रत्येकाला रिकाम्या मैदानात, कमी वेगात एकदा तरी 'डी'वरून 'एन'वर जायची सवय करून द्या. हाताला सवय असेल तर घाबरलेल्या क्षणीही तो योग्य ठिकाणी जातो.