पडद्यावरचा उजेड

परवा मंडईसाठी अर्जुनी मोरगावला जाऊन आलो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना सांगायला नकोच. माझे मामाजी तरुणपणी नाटकांचे पडदे रंगवायचे. महालाचे खांब, दगडी बुरूज, सगळं सपाट कापडावर. पण समोर बसून पाहिलं तर वाटायचं, हात लावला की खडबडीत लागेल.

कॉलेजात असताना मी त्यांना शहाणपणा शिकवला होता, "मामाजी, तुमची सावली खोटी. दिवा इकडचा तिकडे नेला तरी ती हलत नाही." ते काही बोलले नाहीत. पुढे मी पुण्यात गेमसाठी थ्रीडी मॉडेलं करू लागलो आणि कळलं, की आमचा धंदाही तसल्याच खोटेपणावर चालतो!

गेममधली भिंत त्रिकोणांची बनते. प्रत्येक दगडाचा खडबडीतपणा खराच घडवायचा तर लाखो त्रिकोण लागतात, आणि चित्र तर सेकंदाला तीस-साठ वेळा काढायचं असतं. १९७८ साली जेम्स ब्लिन यांनी तोड काढली: पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, फक्त उजेडाचा हिशेब करताना तो उंचसखल आहे असं धरायचं. १९९६ मध्ये स्टॅनफर्डच्या वेंकट कृष्णमूर्ती आणि मार्क लेव्हॉय यांनी दाट जाळीच्या मॉडेलचे बारकावे साध्या मॉडेलवर उतरवायची रीत मांडली. १९९८ मध्ये जोनाथन कोहेन, मार्क ओलानो आणि आयआयटी दिल्लीत शिकलेले दिनेश मनोचा यांनी त्रिकोण कमी केले तरी रूप टिकवून दाखवलं. २००४ च्या 'डूम ३'मुळे ही गोष्ट गेम खेळणाऱ्या पोरासोरांपर्यंत पोचली.

हाच नॉर्मल मॅप. त्यात सावली रंगवलेली नसते. प्रत्येक ठिपक्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, ते लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांत लिहिलेलं असतं. म्हणून तो जांभळट दिसतो. दिवा हलला की सावलीही हलते. मात्र कडेने पाहिलं तर भिंत सपाटच. विंगेतून पडदा दिसतो, अगदी तशी.

तर मंडईच्या दुसऱ्या दिवशी मामाजींना लॅपटॉपवर माझी किल्ल्याची भिंत दाखवली. त्यांनी मान तिरपी केली.

"उजेड कोनीकडून येते गा?"

"वरून."

"मंग हे गोटे आत कायले धसले?"

बघतो तर खरंच! वर-खालची दिशा हिरव्या रंगात असते, आणि ओपनजीएल व डायरेक्टएक्स यांच्या रीती त्याबाबतीत उलट. मी मॅप एका रीतीने केला, इंजिन दुसऱ्या रीतीचं. हिरवा उलटवला, गोटे बाहेर आले. दोन दिवस ती भिंत माझ्या डोळ्यांसमोर होती. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसाला चूक एका नजरेत दिसली, कारण उजेड कुठून येतो हा प्रश्न ते आयुष्यभर कापडाला विचारत आले. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम थांबलं, नजर थांबली नाही.

त्या जुन्या बोलण्याची माफी मागायची होती. चहा झाला, गाडीची वेळ झाली, राहूनच गेलं.

मामेभावंडांनो, तुम्ही हे वाचत असालच. महालाचा शेवटचा पडदा माळ्यावर गुंडाळून ठेवलाय. मी येईपर्यंत कृपा करून तो धानावर झाकायला घेऊ नका.