पाहिलेले सांगावे कसे?



रोह्याजवळील धाटावच्या एखाद्या विद्यार्थ्यास 'माझे गाव' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तर तो बहुधा 'निसर्गरम्य' या शब्दाने प्रारंभ करील. हा शब्द कोकणातील कोणत्याही गावास लागू पडतो, आणि म्हणूनच त्यातून धाटावचे असे काहीच कळत नाही. घडलेली हकीकत वाचकाच्या डोळ्यांपुढे कशी उभी करावी, हे शिकावयास मात्र त्या विद्यार्थ्याला दूर जावयास नको. शेजारच्याच पेण तालुक्यातील वरसई गावच्या एका भिक्षुकाने त्याचा उत्तम वस्तुपाठ घालून दिलेला आहे.

विष्णुभट गोडसे हे त्यांचे नाव. घरी दारिद्र्य व कर्ज. अशात वार्ता आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरघोस दक्षिणा मिळेल. तेव्हा तिशीच्या आसपासचे विष्णुभट आपल्या चुलत्यांसह १८५७ साली उत्तरेकडे निघाले. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले बंडाच्या वणव्यात! झाशीचा वेढा, एप्रिल १८५८ मधील शहराचा पाडाव व त्यानंतरची लूट हे सारे त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. अडीच-तीन वर्षांनी ते घरी परतले ते धन घेऊन नव्हे, तर आईवडिलांकरिता गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' हा त्यांचा ग्रंथ या प्रवासाची हकीकत होय.

या लेखनाचा पहिला गुण असा की, लेखकाला काय हवे होते हे वाचकास आरंभीच समजते. कर्ज फेडावयाचे आहे, एवढे एकदा कळले की पुढील प्रत्येक अडथळा आपल्यालाही जाणवू लागतो. मिळालेली पुंजी लुटली जाते तेव्हा लेखकाने 'मला फार दुःख झाले' असे म्हणण्याची गरजच उरत नाही.

दुसरा गुण म्हणजे नेमकी कृती. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर राणी लक्ष्मीबाई त्यांना एका विहिरीपाशी भेटतात. राणी तहानेल्या आहेत. भटजी पाणी काढू लागतात. परंतु विद्वान ब्राह्मणाला हे कष्ट नकोत म्हणून राणी स्वतः पाणी काढून ओंजळीने पितात. गेलेल्या राज्याविषयी दहा वाक्ये लिहूनही जे साधले नसते, ते या एका ओंजळीने साधले आहे.

तथापि एक इशाराही या ग्रंथात आहे. कानपूर, लखनौ येथील पुष्कळसा मजकूर ऐकीव आहे, आणि तेथे इतिहासाच्या अभ्यासकाला जपून पाऊल टाकावे लागते. सबब डोळ्यांनी पाहिले ते कोणते आणि कानांनी ऐकले ते कोणते, याची सीमा निवेदकाने स्पष्ट ठेवावी. त्याने हकीकतीचे तेज उणे होत नाही. उलट विश्वास वाढतो.

हे लेखन झाले तेही सहजासहजी नव्हे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून भटजींनी ते १८८३ च्या सुमारास केले. म्हणजे प्रसंग घडून पंचवीस वर्षे लोटली होती. सरकारी रोषाच्या भीतीने ग्रंथ आणखी बराच काळ पडून राहिला आणि वैद्यांनी तो १९०७ साली छापला, तोही भाषेत व मजकुरात फेरफार करून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी शुद्ध पाठ सिद्ध केला तो १९६६ साली. तेव्हा कोठे भटजींचा खरा, घरगुती वळणाचा आवाज वाचकांस ऐकू आला. विद्यार्थ्याचा निबंध तपासताना आपणही हे ध्यानी ठेवावे. शुद्धलेखन अवश्य सुधारावे. परंतु त्याचा आवाज पुसू नये.

आता पुन्हा धाटावकडे वळू. कुंडलिकेच्या काठचा हा भातशेतीचा मुलूख. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रासायनिक कारखाने आले. ज्यांनी त्याच मातीत भात लावला आणि पुढे कारखान्याचा भोंगा ऐकला, अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. जमीन गेली त्या दिवशी घरात कोण काय बोलले? पहिल्या पगारातून काय आणले? नदीचे पाणी कोणी, केव्हा प्यावयाचे सोडले? विद्यार्थ्याने हे त्यांना विचारावे आणि सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. वैद्यांनी आग्रह धरला नसता, तर वरसईच्या भटजींची हकीकत त्यांच्याबरोबरच संपली असती. धाटावच्या आजोबांना तसा आग्रह करणारे कोणी तरी त्यांच्याच घरात असले पाहिजे.