बोअरमध्ये पवता येत नाही

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा नांदेड-लातूर बसमध्ये मधेच ज्यांची रेंज गेली, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललेलंच आहे, फक्त थोडं नीट केलंय.

आजचा विषय आहे सर्फिंगचा तास. हसू नका! लातूर काय, नांदेड काय, समुद्र आपल्यापासून चार-पाचशे किलोमीटर लांब. पण सुट्टीत गोव्याला जाणारी आपली पोरं आता तिथं पैसे भरून सर्फिंग शिकतात. एक शिकवणारा, एक शिकणारा, एक फळी आणि एक तास. मी पण शिकले. त्यानंतर मी या 'तासा'चा इतिहास शोधायला लागले आणि फिरून फिरून आपल्या विहिरीपाशी आले. कसं, ते सांगते.

सुरुवात करू हवाई बेटांपासून. पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेली ही बेटं. १७७८ मध्ये कॅप्टन कुकची जहाजं तिथं पोचली. पुढच्याच वर्षी कुक तिथं मारला गेला. त्याच्या मोहिमेतल्या जेम्स किंग नावाच्या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक फळीवर आडवे होऊन मोठमोठ्या लाटांवरून किनाऱ्याकडं येतात. तिथल्या भाषेत याला 'हेए नालू' म्हणतात. नालू म्हणजे लाट, हेए म्हणजे घसरणं.

तिथं पुरुष खेळायचे, बायका खेळायच्या, पोरं खेळायची. काआहुमानू ही राणी तर त्यासाठी प्रसिद्ध होती. फी नाही, क्लास नाही. मोठ्यांचं बघून लहानगे शिकायचे. पण म्हणून सगळे सारखे होते असं समजू नका. 'कापू' नावाची कडक बंधनं होती. काही ठिकाणच्या लाटा सरदार-राजघराण्यातल्या लोकांसाठी राखीव. 'ओलो' नावाची लांबच लांब फळी पण त्यांचीच. साध्या माणसाकडं आखूड फळी असायची. लक्षात ठेवा हे, पुढं कामाला येणार आहे.

आता ती ओलो फळी कशाची, तर 'विलीविली' नावाच्या झाडाच्या लाकडाची. हलकं लाकूड, पाण्यावर मस्त तरंगतं. या विलीविलीचं वनस्पतिशास्त्रातलं कुळनाव आहे एरिथ्रिना. आणि आपल्याकडं एरिथ्रिना कोण? पांगारा! उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडून लालभडक फुलतो, तोच. विलीविली आणि पांगारा एकाच घराण्यातले, सख्खे नाही तरी चुलतभाऊ म्हणा.

महाराष्ट्रात पांगाऱ्याचं हलकं लाकूड कशाला वापरायचे, हे आजोबांना विचारा. पवायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला किंवा कमरेला बांधायला. हवाईचा सरदार ज्या घराण्याच्या लाकडावर उभा राहायचा, त्याच घराण्याचं लाकूड इकडं शेतकऱ्याच्या पोराला विहिरीत तरंगत ठेवायचं.

आमच्याकडं पोहणं म्हणत नाहीत, पवणं म्हणतात. पवायचा 'कोर्स' असायचा उन्हाळ्यात, शाळेला सुट्ट्या लागल्यावर. शिकवणारा म्हणजे चुलता, मामा, नाहीतर गल्लीतला एखादा दांडगा दादा. पांगारा नसला की वाळका भोपळा, नाहीतर झाकण पक्कं बसवलेला तेलाचा रिकामा डबा. नंतर ट्रॅक्टरची ट्यूब आली. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. पोरगं हात मारायला लागलं की लाकूड लहान करायचं, दोर सैल सोडायचा. मग एक दिवस न सांगता दोर सोडूनच द्यायचा. पोरगं पलीकडच्या कपारीला हात लावून मागं बघतं, तर दोर पाण्यावर मोकळा तरंगतोय. त्या दिवसापासून सूर मारा, मुटका मारा, तुमची मर्जी.

याची फी काय? फार तर घरून आणलेली चटणी-भाकरी.

आता परत हवाईला जाऊ, कारण फी कधी सुरू झाली हे तिथं स्पष्ट दिसतं. बाहेरून आलेल्या लोकांबरोबर देवी, गोवर, इन्फ्लुएंझा असे रोग आले. तिथल्या लोकांच्या शरीराला त्यांची ओळखच नव्हती. कुक आला तेव्हा काही लाखांत असलेली मूळ हवाईयन वस्ती १८९० च्या जनगणनेत जेमतेम ४० हजारांवर आली. १८२० पासून अमेरिकन मिशनरी येत होते. उघड्या अंगानं, बायका-पुरुषांनी मिळून लाटांवर खेळणं त्यांना पटणारं नव्हतं. जमिनी उसाच्या मळ्यांत गेल्या. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला गादीवरून काढलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं ताब्यात घेतली. उसानं जमीन आणि पाणी खाणं म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं समजवायची गरज नाही.

१९०१ मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर मोआना हॉटेल उघडलं. बोटी भरून पर्यटक यायला लागले. आणि जमीन गेलेल्या हवाईयन तरुणांकडं विकण्यासारखं काय उरलं होतं? पाण्याची ओळख. पर्यटकाला फळीवर झोपवायचं, मागून ढकलायचं आणि उभं राहायला शिकवायचं. त्यांना 'बीचबॉय' म्हणायला लागले. आज गोव्यात आपण ज्याला प्रायव्हेट लेसन म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

१९०७ मध्ये लेखक जॅक लंडन स्वतःच्या बोटीतून तिथं पोचला. अलेक्झांडर ह्यूम फोर्ड आणि जॉर्ज फ्रीथ या दोघांनी त्याला लाटांची ओळख करून दिली. पठ्ठ्या इतका वेळ उन्हात राहिला की अंग भाजून अंथरुणाला खिळला. पण त्यानं लिहिलेल्या लेखामुळं अमेरिकाभर सर्फिंगचं नाव झालं. आईकडून हवाईयन वंशाचा असलेला फ्रीथ त्याच वर्षी कॅलिफोर्नियाला गेला. तिथं लोकांना सर्फिंग करून दाखवलं, पोहणं शिकवलं, जीवरक्षक म्हणून काम केलं. १९०८ च्या डिसेंबरमध्ये वादळात सापडलेल्या मासेमारांना वाचवल्याबद्दल त्याला पुढं पदक मिळालं. १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत तो गेला. १९२२ मध्ये अगाथा क्रिस्टी, होय, तीच रहस्यकथावाली, नवऱ्याबरोबर जगप्रवासात आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग वायकिकीला हे शिकली.

एक विचित्र गोष्ट बघा. १९०८ मध्ये वायकिकीला आउटरिगर कनू क्लब निघाला, त्यात मुख्यतः गोरे लोक. मग हवाईयन तरुणांनी १९११ मध्ये आपला 'हुई नालू' क्लब उभा केला. त्यातला एक होता ड्यूक काहानामोकू. त्यानं १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. ज्यांनी हा खेळ जगाला दिला, त्यांनाच स्वतःच्या किनाऱ्यावर जागेसाठी वेगळा क्लब काढावा लागला.

आता आपल्याकडं या. आपल्या विहिरीवरचा फुकटचा तास कुठं गेला?

तो बोअरमध्ये गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर पाडायची यंत्रं गावोगाव दिसायला लागली. विहीर म्हणजे वीस-पंचवीस फूट रुंद, पायऱ्या असलेली, पंचवीस पोरं मावतील अशी. बोअरचं तोंड सहा-साडेसहा इंच! पाणी पाचशे-सातशे फुटांवरून पाईपातून येणार. जसजशी बोअर खोल गेली, तसतशा शेजारच्या विहिरी आटल्या. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा टँकर, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात दहा-बारा वर्षांचं असलेलं पोरगं आज विशीत आहे. पवायला शिकायच्या वयात त्यानं घागरींच्या रांगा बघितल्या. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं पाणी आहे, तरी तिथं पण विहिरीवरची उन्हाळी शाळा बंदच होत आली. बोअरमध्ये पवता येत नाही, एवढं साधं कारण आहे.

आता इथं थांबून 'काय ते जुने दिवस!' असं म्हणायचा मोह होतो. मला तसं म्हणता येत नाही.

कारण आपल्याकडं पण 'कापू' होतं. गावची विहीर गावातल्या सगळ्यांची नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन जावं लागलं, ते फक्त ओंजळभर पाणी पिण्यासाठी. जिथं पाण्याला शिवायची मुभा नाही, तिथं उडी मारून पवायला कोण शिकवणार? मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण पाण्याची शिवाशिव इकडं पण तशीच. त्यामुळं 'गावातली सगळी पोरं विहिरीत शिकायची' हे वाक्य ऐकलं की विचारायचं, सगळी म्हणजे कोण?

आणि पोरी? माझ्या भावाला चुलत्यांनी आठ दिवसांत पवायला शिकवलं. मी त्याच विहिरीच्या काठावर कपडे राखत बसायचे. कुणी रागानं नको म्हटलं नव्हतं. तो प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. नंतर विहीर आटली, मग तर विषयच संपला.

म्हणून मी पहिल्यांदा पाण्यात शिकले ती चोविसाव्या वर्षी, गोव्यात, तासाला अडीच हजार मोजून. मैत्रिणी म्हणाल्या, एवढ्यात आपल्याकडं महिन्याचा किराणा येतो. खरं आहे. पण तिथं मला कुणी घर विचारलं नाही, जात विचारली नाही, पोरगी म्हणून काठावर बसवलं नाही. पैसे विचारले. हा बदल चांगला की वाईट, याचं एका शब्दात उत्तर माझ्याकडं नाही. ज्यांना विहिरीनं नाकारलं त्यांच्यासाठी दार उघडलं, आणि ज्यांच्या खिशात अडीच हजार नाहीत त्यांच्यासाठी दुसरं दार बंद झालं.

भारतात हे तास तसे नवेच आहेत. कर्नाटकात मुल्कीला एका आश्रमात राहणाऱ्या जॅक हेबनर या अमेरिकन साधकानं २००४ मध्ये मंत्रा सर्फ क्लब सुरू केला. लोक त्यांना 'सर्फिंग स्वामी' म्हणायचे. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या कोळी तरुणानं गावातल्या पोरांना शिकवत शाळा उभी केली. वायकिकीसारखंच आहे बघा, पाण्याची ओळख ज्यांच्या घरात आहे, तेच शिकवतायत. फरक इतकाच की यातल्या काही ठिकाणी शाळा त्यांची स्वतःची आहे.

मला शिकवणारा मुलगा पण कोळ्याच्या घरातला. आधी अर्धा तास कोरड्या वाळूवर. फळीवर पालथं झोपायचं, तळवे छातीच्या बाजूला, एका झटक्यात उठून पाय आडवे रोवायचे. नजर पायाकडं न्यायची नाही, समोर किनाऱ्याकडं ठेवायची. पडलात तर आधी डोकं हातांनी झाकायचं. फळी कधी स्वतःच्या आणि लाटेच्या मधे येऊ द्यायची नाही, नाहीतर लाट ती तुमच्यावरच आपटते. मग कमरेएवढ्या पाण्यात, फेसाच्या लाटेत. त्यानं मागून फळी धरलेली, लाट आली की ढकलायचा आणि ओरडायचा, "उठो!"

पायाच्या घोट्याला एक दोर असतो, लीश म्हणतात. तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात चालू झाला, फळी वाहून जाऊ नये म्हणून. विहिरीच्या दोराचं दुसरं टोक माणसाच्या हातात असायचं, हा फळीला बांधलेला. पण मागून ढकलणारा हात तोच. कितव्यांदा कोण जाणे, मी दोन-तीन सेकंद उभी राहिले. तो कधी हात सोडून मागं राहिला, मला कळलं पण नाही.

आता कामाचं बोलू. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. लीश आणि फळी म्हणजे पवता येणं नव्हे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल झेंडा असेल तिथं उतरायचं नाही, आणि पावसाळ्यात समुद्राचा नादच करायचा नाही. तास लावताना स्पष्ट सांगा, "मला पवता येत नाही." चांगला शिकवणारा तुम्हाला खोल पाण्यात नेणार नाही. आणि जमलं तर गोव्याच्या आधी नांदेड-लातूरच्या तलावात महिनाभर पवायला शिका. ते सर्फिंगच्या एका तासापेक्षा स्वस्त पडेल आणि जन्मभर पुरेल.

एक काम देते. आज घरी गेल्यावर मोठ्यांना तीन प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या विहिरीत पवायला शिकलात? तुम्हाला कुणी शिकवलं? आणि त्या विहिरीत कुणाला उतरू देत नव्हते? तिसऱ्या प्रश्नाला घरात जरा शांतता होईल. होऊ द्या. फोनवर रेकॉर्ड करा आणि पाठवा, आवडलेली उत्तरं पुढच्या भागात ऐकवते. आणि तुम्हाला पवता येत असेल, तर या उन्हाळ्यात एका तरी पोरीला शिकवा. फी म्हणून चटणी-भाकरी चालेल.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, पाणी जपून वापरा.