कण्हेर : दारात लावा, पण छाटलेली फांदी वैरणीत जाऊ देऊ नका

बेळगाव-निपाणी भागात कण्हेर माहीत नाही असा माणूस सापडणे कठीण. देवळाचे आवार, घराचे कंपाउंड, शेताचा बांध, महामार्गाचा दुभाजक, कुठेही हे झुडूप दिसते. मराठीत कण्हेर, कन्नडमध्ये कणगिले, हिंदीत कनेर आणि संस्कृतमध्ये करवीर. कोल्हापूरचे जुने नावही करवीरच. गुलाबी, पांढरी, लाल फुले, मंद वास आणि कमी पाण्यावर तग धरण्याची ताकद यामुळे ती लोकांना आवडते. मात्र तिचे मूळ, खोड, पान, फूल, बी आणि चीक असे सगळेच विषारी आहे.

विष नेमके काय करते?

कण्हेरीतील ओलिअँड्रिन व त्यासारखी द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. हृदयाच्या पेशींमधील सोडियम-पोटॅशियमची देवाणघेवाण अडते, ठोके मंद होतात किंवा चुकतात. पाने वाळवली किंवा उकळली तरी विष जात नाही. आयुर्वेदात करवीराची गणना उपविषात होते आणि शोधन केल्याशिवाय ते वापरत नाहीत. त्यामुळे कुणी सांगितले म्हणून घरी काढा करून पिणे जिवावर बेतू शकते.

पिवळ्या फुलांची बिट्टी ही कण्हेरीच्याच कुळातली. पूर्वी मुले तिच्या बिया घेऊन खेळायची, पण याच बियांत विष जास्त असते. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे रुग्ण मोठ्या संख्येने रुग्णालयात येतात.

लागवड कशी करावी?

जून-जुलैत पाऊस लागला की १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, अर्धवट जून झालेली काडी लावावी. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत पाणी साचते, तिथे उंचवटा करून लावणे बरे. बेळगावच्या तांबड्या मातीत निचऱ्याची अडचण कमी. कुंपणासाठी दोन झाडांत साधारण एक मीटर अंतर पुरते. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

काडीला मुळे फुटावीत म्हणून काही जण ती पाण्याच्या बाटलीत ठेवतात. ते पाणीही विषारी होते. बाटली स्वयंपाकघरात नको आणि मुलांच्या हाताशीही नको.

खरा धोका छाटणीनंतर

फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे बहर सरल्यावर हलकी छाटणी करावी लागते. हिरवे पान कडू, म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. पण पान सुकले की कडूपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. कापलेल्या फांद्या गोठ्याजवळ पडल्या किंवा पाने कडब्यात मिसळली की गाय-म्हैस ती सहज खाते. वाळलेली १० ते २० पानेही मोठ्या जनावराला मारू शकतात.

केरळमध्ये २०२४ साली अशी घटना घडली. कापून टाकलेली कण्हेर खाल्ल्याने पत्तनमतिट्टा जिल्ह्यात गाय व वासरू दगावल्याच्या बातम्या आल्या. त्याच सुमारास एका तरुणीचा मृत्यू कण्हेर चावल्याने झाल्याचा संशय डॉक्टरांनी व्यक्त केला. त्यानंतर मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात ही फुले वापरणे बंद केले. आपल्याकडेही हार देवाला घालायला हरकत नाही, पण फूल प्रसादाच्या ताटात किंवा तीर्थात पडू देऊ नये.

हे लक्षात ठेवा

- छाटताना हातमोजे घाला. चीक लागल्यास साबणाने हात धुवा, डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने डोळा धुवा.
- फांद्या त्याच दिवशी गोळा करून खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर टाकू नका.
- जाळू नका, धूरही घातक असतो. चुलीला सरपण म्हणून तर मुळीच नको.
- काडीचे दातवण करू नका, तिच्यावर काही भाजू नका.
- गोठा, पाण्याची टाकी आणि अंगणवाडीजवळ लावू नका.

विषबाधा झाल्यास

मळमळ, उलटी, पोटदुखी, जुलाब, चक्कर आणि मंद नाडी ही लक्षणे दिसतात. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तुपाचे उपाय करत वेळ घालवू नका. बरे वाटत असले तरी काही तासांनी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठा आणि झाडाची फांदी सोबत न्या. बेळगावात बिम्स जिल्हा रुग्णालय आहे, निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर जवळ पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो. दिल्लीच्या एम्समधील विषमाहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

जनावराने चारा सोडला, पातळ शेण टाकले किंवा ते लटपटू लागले तर उरलेली वैरण लगेच काढून घ्या आणि १९६२ वर पशुवैद्यकीय मदत मागवा. हा क्रमांकही दोन्ही राज्यांत आहे.

दारातली कण्हेर उपटून टाकण्याचे कारण नाही. कोयता हातात घेण्याआधी कापलेल्या फांद्या कुठे पुरायच्या, ती जागा मात्र ठरलेली असावी.