ब्रिन्स्टर, राल्फ
ब्रिन्स्टर, राल्फ : (१० मार्च १९३२ – ). परजनुकी प्राणी व शुक्रजनक मूल कोशिका या विषयांत मूलगामी संशोधन करणारे अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते तेथेच अध्यापक झाले. भ्रूण तेलाखालील सूक्ष्म थेंबांत वाढविण्याची त्यांची पद्धती (१९६३) पुढील सर्व कार्याचा पाया ठरली. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्यासह त्यांनी रॅटच्या वृद्धी हॉर्मोनाचे जनुक उंदराच्या फलित अंड्यात बारीक काचनळीने सोडले असता, जन्मलेल्या २१ पिलांपैकी ७ मध्ये ते आढळले व त्यांतील ६ भावंडांहून ठळकपणे मोठी वाढली (पहा : जनुक अभियांत्रिकी). जननक्षम उंदराच्या वृषणातील मूल कोशिका वंध्य उंदराच्या रेतोत्पादक नलिकांत रोपून दात्याच्या आनुवंशिक गुणांची संतती मिळविता येते, हे १९९४ मध्ये सिद्ध करून त्यांनी वंध्यत्वाच्या अभ्यासास नवी दिशा दिली (पहा : मूल कोशिका). वुल्फ पारितोषिक, २००३.