पंचक्रोशीची वाट

मराठी मुलखात ‘पंचक्रोशी’ हा शब्द आपण नित्य वापरतो. अमुक गृहस्थांस साऱ्या पंचक्रोशीत मान आहे असे म्हणताना गावाभोवतालची दहापाच खेडी एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. चाकरीच्या निमित्ताने काशीस येऊन राहिलेल्या आम्हां मंडळींस मात्र लवकरच कळून येते की, येथे या शब्दाला प्रत्यक्ष वाट आहे, त्या वाटेवर ठरलेले मुक्काम आहेत, आणि ती वाट पायी चालणारी माणसे आजही आहेत. सध्या या वाटेच्या रुंदीकरणाचे व सुधारणेचे काम चालले असल्याने तिचा इतिहास थोडक्यात पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

काशीचे एक प्राचीन नाव ‘आनंदकानन’ अथवा ‘आनंदवन’. समर्थ रामदासांच्या ‘आनंदवनभुवन’ या प्रकरणामुळे ते मराठी कानांस अपरिचित नाही. आज गल्ल्यांच्या या गजबजलेल्या नगरीत हे नाव केवळ कविकल्पना वाटते. परंतु एके काळी गंगेच्या उंच काठामागे तळी, ओढे व झाडी पसरलेली होती. जेथे राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान दाखवितात त्या भदैनी भागाचे नाव भद्रवनावरून आले असे म्हणतात. १८२० ते १८३० या काळात येथील टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप यांनी शहराचा नकाशा तयार केला आणि भुयारी गटार बांधून साचलेल्या पाण्याचा निचरा केला. मत्स्योदरीसारखी जुनी जलाशये त्या ओघात आटली. आरोग्याच्या दृष्टीने ते काम उपकारकच होते. पण आनंदवनाचा उरलासुरला ओलावाही त्याबरोबर गेला. नगरातले वन गेले, ते थोडेफार टिकले पंचक्रोशीच्या वाटेवरच्या आमराया आणि कुंडे यांच्या रूपाने.

मध्यमेश्वर हे केंद्र आणि तेथून पश्चिमेस देहली विनायकापर्यंतचे अंतर ही त्रिज्या, असे काशीक्षेत्राचे मंडल परंपरेने कल्पिले आहे. त्याची प्रदक्षिणा म्हणजे पंचक्रोशी यात्रा. मणिकर्णिकेवर स्नान करून निघालेला यात्रेकरू तीन कोसांवर कर्दमेश्वरी पहिला मुक्काम करतो. पुढे पाच कोसांवर भीमचंडी, तेथून सात कोसांवर वरुणेकाठी रामेश्वर, मग चार कोसांवर शिवपूर, तीन कोसांवर कपिलधारा आणि अखेरच्या दिवशी तीन कोस चालून पुन्हा मणिकर्णिका. असे एकूण पंचवीस कोस, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. या मार्गावर १०८ देवस्थाने गणली जातात. त्यांतील कर्दमेश्वराचे बाराव्या-तेराव्या शतकातील शिल्पमंडित मंदिर अद्याप उभे आहे. ज्या नगरीची मंदिरे वारंवार पडली, तिच्या वेशीबाहेरचे हे मंदिर टिकावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या वाटेची एक शिस्त आहे. प्रदक्षिणा उजवी, म्हणून क्षेत्र सदैव उजव्या हातास राहते. देवळे उजवीकडे, धर्मशाळा, स्वयंपाक, विश्रांती व देहधर्म हे सारे डावीकडे. कोणत्या बाजूस काय असावे याचा हा निर्णय नगररचनेचे शास्त्र जन्मण्यापूर्वी सामान्य यात्रेकरूंनी पाळला आहे. अन्यत्र केलेले पाप काशीत धुतले जाते, काशीतले पंचक्रोशीत. पण पंचक्रोशीत केलेले पाप वज्रलेप होते, अशी समजूत आहे. ज्या वाटेवर थुंकण्यासही लोक कचरत, तिला निराळ्या रखवालदाराची गरज नव्हती.

तथापि श्रद्धेने वाट पवित्र राहते, दुरुस्त राहत नाही. तिला पैसा आणि धनी लागतो. अठराव्या शतकात तो धनी बंगालमधील नाटोरच्या राणी भवानी यांच्या रूपाने लाभला. दुर्गाकुंडाचे प्रसिद्ध मंदिर त्यांचेच. पंचक्रोशीची मोडकळीस आलेली वाट त्यांनी नीट करविली, मुक्कामी कुंडे बांधविली, धर्मशाळा उभारल्या, सावलीसाठी झाडे लावविली. पायी चालणाऱ्यास पाणी, सावली आणि पाठ टेकण्यास जागा हवी, एवढे जाणून केलेली ही योजना होती.

मराठ्यांचा वाटाही येथे मोठा आहे. सोळाव्या शतकात मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायण भट्टांनी ‘त्रिस्थलीसेतु’ रचून प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांचा यात्राविधी सांगितला. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातुश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेतील राजेरजवाड्यांनीच नव्हे, तर महंमदखान बंगशासारख्या प्रतिपक्षाच्या सरदारानेही त्यांच्या सुरक्षित प्रवासाची तजवीज केली. काशी आपल्या ताब्यात यावी ही पेशव्यांची इच्छा कधीच सफल झाली नाही. परंतु जेथे राज्य नव्हते तेथे त्यांनी व त्यांच्या सरदारांनी घाट बांधले, अन्नछत्रे घातली. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर उभारले. काशीहून गयेस जाताना आडव्या येणाऱ्या कर्मनाशेचे पाणी अंगास लागले तर पुण्यक्षय होतो अशी समजूत असल्याने नाना फडणविसांनी तीवर पूल बांधण्यास आरंभ केला. नदीच्या वाळूत पाया धरेना आणि काम अपुरे राहिले. पुढे राजा पटनीमल यांनी द्रव्य पुरविले आणि प्रिन्सेप यांच्या आराखड्यावरून १८३१ च्या सुमारास पूल पुरा झाला. पुण्याच्या कारभाऱ्याने आरंभिले, काशीच्या धनिकाने तडीस नेले आणि इंग्रजाने आखले, असे हे लोकोपयोगी काम. वाट हा एकट्याचा पराक्रम नसतो, हे यावरून दिसते.

आज पंचक्रोशीची वाट डांबरी सडक झाली आहे. सडक झाली ती हितासाठीच. खेड्यांतील रोग्यास, विद्यार्थ्यास, शेतमालास ती हवी. पण अधिक मासात हजारो यात्रेकरू या वाटेने निघतात, आणि अधिक ज्येष्ठात आला तर तापलेल्या डांबरावर अनवाणी पावलांचे काय होते, हे निराळे सांगावयास नको. रुंदीकरणाचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. सडक उजवीकडे वाढवावी तर देवळे आड येतात. डावीकडे वाढवावी तर धर्मशाळा व कुंडे. दोन्हीकडची जुनी झाडे तर कोणत्याही मोजणीत प्रथम बळी पडतात. जी वाट देवळांच्या क्रमानेच बनली आहे, तिची देवळे हलविणे म्हणजे वाटच मोडणे होय.

आपल्याकडे हाच प्रश्न पंढरीच्या वाटेवर उभा राहिला. ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला, तेव्हा दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ योजनेतच अंतर्भूत होता. काशीसही तसा उपाय अशक्य नाही. शहराच्या उत्तरेस सुमारे साडेसोळा किलोमीटरचा वळणरस्ता नोव्हेंबर २०१८ मध्ये खुला झाला आहे. जड वाहनांनी अशा नव्या रस्त्यांनी जावे. पंचक्रोशीवर उजव्या हातास, देवळांलगत, मातीची सावलीदार पायवाट राखावी. कुंडांतील गाळ काढावा. आणि तोडलेल्या प्रत्येक झाडाचा हिशेब त्याच मुक्कामी फेडावा, दुसऱ्या जिल्ह्यात नव्हे.

आपण सरकारी कचेऱ्यांतील माणसे. रस्त्याची रुंदी, मोबदला व खर्चाचा अंदाज असलेले कागद आपल्याच हातांखालून जातात. त्यांत वाहनांची संख्या मोजलेली असते. पायी चालणाऱ्यांसाठी बहुधा रकानाच नसतो. राणी भवानींच्या कारकुनांनी कुंडांचा आणि झाडांचा खर्च वहीत लिहिला असेलच. तेवढा एक रकाना आपल्याही कागदात असावा, इतकीच आमची सूचना आहे.