पेन्सिल सेल की आतली बॅटरी? बिनतारी गेम कंट्रोलरमागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ बिनतारी गेम कंट्रोलर ऐन रंगात आलेल्या खेळात बंद पडला, तर कोपरमधल्या घरात दोनच मार्ग उरतात. वाण्याकडून दोन पेन्सिल सेल आणायचे, किंवा कंट्रोलर वायरीला जोडून थांबायचे. हे दोन मार्ग कुठून आले आणि त्यांपैकी कोणता किती काळ साथ देतो, याचा हा मागोवा.

२/ आधी शब्दांविषयी. मराठी घरांत ‘बॅटरी’ म्हणजे बहुतेक वेळा हातात धरायची विजेरी, आणि तिच्यात घालायचे ते ‘सेल’. बोलीने केलेला हा भेद नेमका आहे. सेल बदलता येतो आणि उपकरण टिकते. गेम कंट्रोलरच्या बाबतीत खरा वाद याच भेदाचा आहे.

३/ १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे द्रावण यांपासून विद्युतघट तयार केला. हा नवसागर परका नव्हे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच हा. लेक्लांशेचा घट मात्र काचेच्या बरणीत भरलेला ओला घट होता. तारायंत्राच्या टेबलाशेजारी तो चालला, खिशात घालून नेता येत नव्हता.

४/ १८८६ च्या सुमारास जर्मनीच्या कार्ल गासनरने हे द्रावण लेपासारखे घट्ट केले आणि जस्ताच्या पेल्यातच बंद केले. कोरडा सेल जन्मला. यात एक मेख आहे. जस्ताचा पेला हे सेलचे भांडे आणि तेच त्याचे इंधनही. वीज देता देता भांडेच झिजते. म्हणून विसरलेला सेल गळतो आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतो.

५/ भारतात सेलचे मोठे कारखाने कोलकात्यात उभे राहिले. मुंबईत धारावीच्या बाजूला एस्ट्रेला बॅटरीजचे उत्पादन चाले. त्याच काळात कोपरपासून दुसऱ्याच स्थानकावर, ठाकुर्लीला, जीआयपी रेल्वेने १९२९ च्या सुमारास चोळा वीजकेंद्र उभारले. ते रेल्वेसाठी होते. रुळांवर वीज धावू लागली, तरी रात्री पायवाट दाखवायला कंदील आणि सेलवरची विजेरीच होती.

६/ सेलचे खरे बळ त्याच्या मापात आहे. पेन्सिल सेलचा व्यास सुमारे साडेचौदा मिलिमीटर आणि लांबी सुमारे साडेपन्नास. हे माप जगभर मान्य झाले. त्यामुळे कोणत्याही कंपनीचा सेल कोणत्याही उपकरणात बसतो आणि किराणा दुकानदारालाही तो ठेवणे परवडते. उपकरण बनवणारा आणि सेल विकणारा एकमेकांना ओळखत नसले, तरी ग्राहकाचे काम अडत नाही.

७/ मग भिंतीवरच्या घड्याळात वर्षभर चालणारा सेल कंट्रोलरमध्ये लवकर मान का टाकतो? घड्याळाला क्षणभर, अगदी किंचित प्रवाह लागतो. कंट्रोलर सतत रेडिओ संदेश पाठवतो आणि थरथरणारी मोटर फिरवतो. एवढा प्रवाह ओढला की साध्या सेलचा अंतर्गत रोध आडवा येतो आणि व्होल्टता कोसळते. सेल संपलेला नसतो, दमलेला असतो. म्हणून तोच सेल काढून घड्याळात घातला तर पुन्हा चालतो.

८/ अशक्त सेल उन्हात ठेवण्याची घरगुती युक्तीही याच कारणाने थोडा वेळ साधते. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते. पण नवी ऊर्जा तयार होत नाही, आणि गळण्याचा धोका तेवढा वाढतो. अवजड कामासाठी वेगळे रसायन हवे होते. ते लुईस उरी या कॅनडियन अभियंत्याने १९५० च्या दशकात घडवलेल्या अल्कलाइन सेलने दिले.

९/ १९९० च्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरांत ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांचे टीव्ही गेम आले. त्यांच्या कंट्रोलरला वायर असे, त्यामुळे सेलचा प्रश्नच नव्हता. पेन्सिल सेल लागत ते हातातल्या ‘ब्रिक गेम’ला. वीटेवर वीट रचण्याच्या त्या खेळाला ना टीव्ही लागे, ना घरातली वीज.

१०/ हा फरक पुढे जाणवला. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची टंचाई तीव्र होती. मुंबई शहर बहुतांशी भारनियमनातून वाचले. कल्याण-डोंबिवली मात्र महावितरणच्या क्षेत्रात असल्याने तिथे तासन्‌तास वीज जाई. टीव्हीवरचा खेळ तेव्हा मुकाट्याने थांबे आणि चार्जिंगही अडे. सेलवरची खेळणी आणि रेडिओ तेवढे चालू राहत.

११/ वायर तोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. अटारी कंपनीने १९८३ मध्ये नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारी रेडिओ जॉयस्टिक आणली. ती बोजड होती. पुढे अवरक्त किरणांचे प्रयोग झाले, पण मध्ये कोणी उभे राहिले की संदेश तुटे. खरे यश २००२ मध्ये निन्टेन्डोच्या ‘वेव्हबर्ड’ला मिळाले. दोन पेन्सिल सेलवर शंभर तासांपर्यंतचा दावा होता, आणि त्यासाठी थरथरणारी मोटर वगळण्यात आली होती.

१२/ इथून वाटा फुटल्या. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ने काढता येणारे दोन पेन्सिल सेल ठेवले आणि चार्ज होणारा पॅक वेगळा विकला. २००६ च्या प्लेस्टेशन ३ ने लिथियम-आयन बॅटरी कंट्रोलरच्या पोटात बसवली. भारतात ही यंत्रे अनुक्रमे २००६ आणि २००७ मध्ये आली. २०२० च्या पिढीतही दोन्ही कंपन्या आपापल्या वाटेवर कायम राहिल्या.

१३/ लिथियम-आयन बॅटरी सोनीनेच १९९१ मध्ये बाजारात आणली होती. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ती हलकी आहे आणि शेकडो वेळा भरता येते. पण ती वापरली नाही तरी म्हातारी होते. उष्णता, सतत पूर्ण भरलेली अवस्था आणि महिनोन्‌महिने पूर्ण रिकामी अवस्था हे तिचे तीन शत्रू. खाडीकाठच्या उन्हाळ्यात बंद कपाटात पडलेला कंट्रोलर यांतले निदान एक दुखणे सोसतोच.

१४/ आता आकडे. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरची बॅटरी १००० मिलिॲम्पिअर-तासांची, म्हणजे सुमारे ३.६५ वॉट-तास. प्लेस्टेशन ५ ची १५६०, म्हणजे सुमारे ५.७. निकेल-मेटल-हायड्राइडचे दोन हजारी क्षमतेचे दोन चार्जेबल पेन्सिल सेल मिळून ४.८ वॉट-तास देतात. दोन चांगले अल्कलाइन सेल साधारण सहा. साधे स्वस्त सेल याच्या निम्म्याहूनही कमी.

१५/ म्हणजे पोटातली बॅटरी ऊर्जेत सेलहून फार पुढे नाही. तिची सोय चार्जिंगची आहे. २००५ मध्ये सान्योने ‘एनेलूप’ आणल्यावर तीही दरी अरुंद झाली, कारण हे चार्जेबल सेल महिनोन्‌महिने भरलेले राहतात. त्यांची व्होल्टता दीडऐवजी १.२ असते, त्यामुळे काही उपकरणे ‘बॅटरी कमी’ असा इशारा लवकर देतात. तो इशारा नेहमीच खरा नसतो.

१६/ संपलेली बॅटरी कुठे जाते? कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवर वर्षानुवर्षे शहराचा कचरा साचला; तिथल्या आगींच्या धुराने आसपासच्या वस्त्यांचा जीव घुसमटला. २०२१ मध्ये तिथे नवा कचरा टाकणे थांबले. भारतातले २००१ चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. २२ ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या कक्षेत घेतल्या आणि त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. चिरडलेली लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीतच पेट घेऊ शकते, म्हणून ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नसते.

१७/ युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. गासनरच्या सेलने जे सहज दिले होते, ते आता कायद्याने परत मागावे लागत आहे.

१८/ तोवर निवड अशी: रोज खेळणाऱ्या घरात चार्जेबल पेन्सिल सेलच्या दोन जोड्या, एक खेळात आणि एक चार्जरवर. क्वचित खेळणाऱ्यांसाठी अल्कलाइन सेल, पण खेळ संपल्यावर काढून ठेवलेले. पोटात बॅटरी असलेला कंट्रोलर सुट्टीनंतर ठेवून द्यायचा असेल, तर अर्धा भरून आणि थंड जागी. आणि तो बंद पडला म्हणून फेकण्यापूर्वी एवढे पाहावे, की मेला आहे तो कंट्रोलर, की फक्त त्याच्या आतला सेल.